बोका, दिवाण आणि पावसाळ्यातला वास

घरात मांजर मुतलंय हे घरच्यांना सगळ्यात शेवटी कळतं. नाक सरावतं. आमच्याकडे ते पहिल्यांदा बोलून दाखवलं मावसभावाने, तेही चहाचा कप हातात धरून. "काय रे, मांजर पाळलंय का तुम्ही?" बारक्या तेव्हा आतल्या खोलीत कपाटावर झोपलेला होता. म्हणजे दिसून कळायचा प्रश्नच नव्हता.

बारक्या मूळचा माझ्या बहिणीचा. तिची बदली बेंगळुरूला झाली, तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नव्हते, म्हणून बोक्याची रवानगी पनवेलहून डोंबिवलीला आमच्याकडे झाली. नसबंदी झालेला, अंगाने गुटगुटीत, स्वभावाने भित्रा. पनवेलला शी-शूसाठी कधी मातीच्या पेटीबाहेर गेला नव्हता म्हणे. आमच्याकडे आला तो ऐन जूनअखेरीस, आणि पाठोपाठ पाऊस लागला.

पुढचं समजायला घर कसं आहे ते सांगावं लागेल, कारण कोणता उपाय चालतो आणि कोणता अंगावर येतो हे सगळं खालच्या वस्तूवर ठरतं. इमारत जुनी, मोझेकच्या लाद्यांची. हॉलमध्ये वडिलांच्या वेळचा दिवाण: सागवानी चौकट, प्लायवूडचा तळ, वर कापसाची गादी. बेडरूममध्ये गाद्यांच्या घडीवर आजीच्या हातची गोधडी. बारक्याने यातलं काहीही सोडलं नव्हतं.

आईचा उपाय ठरलेला: फिनेल. लादी पुसायच्या बादलीत पांढरं फिनेल दुप्पट टाकायचं. तासभर घरात सरकारी दवाखान्याचा वास, मग दोन्ही वास एकत्र, आणि संध्याकाळी पाऊस जोराने लागला की फक्त पहिला. कामाच्या मावशींचं म्हणणं, ब्लीचिंग पावडर टाका. शेजारच्या काकूंनी कापूर आणि डांबरगोळ्या सुचवल्या. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. कोणीही मूत काढायला सांगत नव्हतं, त्याच्यापेक्षा मोठा वास आणायला सांगत होतं.

मी आधी बारक्याला डॉक्टरांकडे नेलं, आणि आज कोणी विचारलं तरी सुरुवात तिथूनच करायला सांगेन. पेटी सोडून भलतीकडे मुतणारं मांजर सूड वगैरे घेत नसतं. डॉक्टरांनी पोट चाचपलं, लघवी तपासायला घेतली. तिच्यात स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक निघाले, मूत्राशयाला सूज होती. घर बदलल्याचा ताणही त्यात असतो, असं ते म्हणाले. लघवी करताना दुखतं, ते दुखणं मांजर पेटीशी जोडतं आणि मऊ, थंड जागा शोधत फिरतं. खाणं बदललं, पाण्याचे वाडगे वाढवायला सांगितले. मग चष्मा काढून एक ताकीद दिली: "हा सारखा बसतोय, जोर करतोय आणि थेंब येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो."

निघताना मी फिनेलचं विचारलं. ते बंद करा म्हणाले. मांजराच्या यकृतात फिनॉलच्या जातीची द्रव्यं निकामी करायची यंत्रणा फार दुबळी असते. याच कारणाने माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते. पुसलेल्या लादीवरून मांजर चालतं, बसून पंजे चाटतं, आणि जे लादीवर असतं ते पोटात जातं. काळं फिनेल डांबरापासूनच्या द्रव्यांचं, पांढरं पाइन तेलाचं, दोन्ही नकोत. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं जंतुनाशक असतं, त्यातलं क्लोरोझायलेनॉल हेही फिनॉलच. डांबरगोळ्या म्हणजे नॅप्थलीन, ते तर विषच. नीलगिरीचं आणि टी ट्रीचं तेल 'नैसर्गिक' म्हणून लोक शिंपडतात, तेही मांजराला सोसत नाही. घरी येऊन हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग पुसायचं तरी कशानं?" प्रश्न रास्त होता.

आधी मूत आहे कुठे ते शोधायचं होतं. नोटा तपासायला वापरतात तो जांभळ्या उजेडाचा छोटा टॉर्च बाजारात स्वस्तात मिळतो. रात्री घरातले सगळे दिवे घालवले, पडदे लावले, डोळे अंधाराला सरावू दिले आणि बायको नि मी रांगत निघालो. वाळलेलं मूत त्या उजेडात फिकट पिवळसर, किंचित हिरवट दिसतं. फसगत मात्र खूप होते. धुण्याच्या पावडरीत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून जे द्रव्य घालतात ते त्याच उजेडात निळसर पांढरं झगझगतं. त्यामुळे आईची धुतलेली चादर ट्यूबलाइटसारखी पेटली होती आणि खरा डाग शेजारी मिणमिणत होता. म्हणून नियम केला: दिसलं की नाक लावायचं, खात्री झाली की खडूने रेघ मारायची. सकाळी आई उठली तेव्हा हॉलभर पांढरी वर्तुळं होती. एक दाराच्या मागच्या कोपऱ्यात, एक टीव्हीच्या वायरींखाली. गादीवर होतं ते मोठं. आणि गादी उचलल्यावर दिवाणाच्या तळावर जे दिसलं त्याला वर्तुळ म्हणणं कठीण होतं.

आता थोडं रसायनशास्त्र, कारण ते कळेपर्यंत मी नुसताच पुसत होतो. मांजराचे पूर्वज कोरड्या वाळवंटी प्रदेशातले, त्यामुळे त्याची मूत्रपिंडं पाणी राखून लघवी फार दाट करतात. ताज्या लघवीला तसा वास कमी. तिच्यातला युरिया जिवाणू फोडतात, त्यातून अमोनिया निघतो. डोळ्यांना झोंबतो तो हा. पण मांजराच्या मुताला जो खास उग्रपणा आहे तो अमोनियाचा नव्हे. तो फेलिनीन नावाच्या अमिनो आम्लाचा. ते मुळात बिनवासाचं असतं, मात्र हळूहळू फुटतं आणि त्यातून गंधकयुक्त द्रव्यं सुटतात. गंधकाची ही जात, थायॉल, माणसाच्या नाकाला अगदी किंचित असली तरी कळते. कांद्याच्या आणि गॅसगळतीच्या वासातही त्यांचीच भावंडं असतात. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी मांजराच्या लघवीतलं कॉक्सिन हे प्रथिन फेलिनीन तयार व्हायला मदत करतं असं दाखवून दिलं. नसबंदी न झालेल्या बोक्यात ते भरपूर, नसबंदी झालेल्यात पुष्कळ कमी. बारक्या कमीवाल्यांतला होता, तरी ही अवस्था.

या सगळ्याचा व्यवहारात अर्थ इतकाच, की काढायचे वास दोन आहेत आणि ते दोन वेगळ्या उपायांना दाद देतात. अमोनिया अल्कधर्मी, तो सौम्य आम्लाने मरतो, म्हणजे व्हिनेगरने. गंधकाच्या द्रव्यांना व्हिनेगर काही करत नाही. त्यांचं ऑक्सिडीकरण करावं लागतं. आणि दोन्हींच्या आधी मुतातलं विरघळणारं जितकं आहे तितकं पाण्याने बाहेर काढावं लागतं.

मराठी-इंग्रजी जिथे वाचावं तिथे, वास परत येतो तो युरिक आम्लाच्या न विरघळणाऱ्या स्फटिकांमुळे, अशी कथा ठोकून दिलेली असते. ती मला तितकीशी पटत नाही. युरिक आम्ल मोठ्या प्रमाणात बाहेर टाकतात माणसं, पक्षी आणि कुत्र्यांतली डाल्मेशियन जात. मांजर आणि बाकीचे कुत्रे त्यातल्या बहुतेकाचं अॅलन्टॉइन करून टाकतात, आणि ते पाण्यात कितीतरी जास्त विरघळतं. वास परत येतो तो मुख्यतः डाग खोलवर राहिल्यामुळे आणि हवेतला दमटपणा त्याला पुन्हा ओलं करतो म्हणून. डोंबिवलीच्या जुलैत हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही.

पहिली लादी. सगळीकडे पहिला उपाय व्हिनेगरचा सांगतात, पण मोझेकमध्ये संगमरवराचे तुकडे असतात आणि ते सिमेंटमध्ये बसवलेले. दोन्हींना आम्ल खातं. आईला हे रसायन न शिकताच ठाऊक होतं: लोणच्याचा खार किंवा चिंचेचं पाणी सांडलं की ती जिथे असेल तिथून धावत येते. फ्रिजखालच्या कोपऱ्यात व्हिनेगरचा थेंब टाकून पाहिला. बारीक बुडबुडे आले, पुसल्यावर तिथली चकाकी गेली आणि गेलीच. कोटा आणि शहाबादी फरशीचंही तेच, ते चुनखडीचेच दगड. व्हिट्रिफाइड लादीवर व्हिनेगर बिनधास्त वापरा; तिथे मूत लादीत शिरत नाही, सांध्यातल्या सिमेंटमध्ये शिरतं.

मोझेकवर आम्ही धुण्याची पावडर वापरली, पाकिटावर घटकांमध्ये एन्झाइम लिहिलेली. एन्झाइम प्रथिनं तोडतात, पण त्यांना ओल आणि वेळ लागतो. कोमट पाण्यात पावडर विरघळवली. कोमट म्हणजे हात बुडवून ठेवता येईल इतपत. उकळत्या पाण्यात एन्झाइम मरतात आणि डागातलं प्रथिन उलट पक्कं बसतं. खडूच्या वर्तुळात ते पाणी ओतलं, सांधे जुन्या टूथब्रशने घासले, त्यावर त्याच पाण्यात भिजवलेला पंचा अंथरला, वर प्लास्टिकची पिशवी आणि कडेने वजनाला पाट. काही तास तसंच राहू द्यायचं. घाईघाईने पुसून घेतलं तर ही पावडर नुसतीच साबण ठरते. मग दोनदा साध्या पाण्याने पुसून कोरडं केलं. लादीचा वास बहुतांश गेला. दारामागच्या कोपऱ्यात सांधा उकरलेला होता तिथे राहिला.

तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं. औषधाच्या दुकानात तपकिरी बाटलीत मिळतं आणि आपल्याकडे बाटलीवर बहुधा '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण ६ टक्के. परदेशी कृतींमध्ये ३ टक्के धरलेलं असतं. म्हणून तितकंच पाणी घालून निम्मं करायचं. याची एक कृती अमेरिकेतल्या पॉल क्रेबाम या रसायनतज्ज्ञाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केली, ती स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्याचा वास काढायला. तो वासही थायॉलचाच. सुमारे एक लिटर ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड, पाव कप खायचा सोडा, चमचाभर भांडी घासायचं लिक्विड. सोड्याने मिश्रण अल्कधर्मी होतं आणि पेरॉक्साइड गंधकाच्या रेणूंना ऑक्सिजन लावून बिनवासाचं करून टाकतं. पदार्थ तिन्ही घरचे. मला ही कृती वाचून फार आनंद झाला. आम्ही तिच्या पाव मापाने सुरुवात केली.

तीन गोष्टी मात्र पाळायच्या. मिश्रण लागेल तेवढंच करायचं आणि उरलेलं मोरीत ओतायचं. झाकण लावून ठेवलं तर ऑक्सिजन साठून बाटली फुटते. रंगीत कापडावर आधी आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा, कारण हे रंग उडवतं. आणि हातमोजे. ६ टक्क्यांचं बोटाला लागलं तर कातडी पांढरी पडून चुरचुरते.

सांध्यात ते मिश्रण ओतलं तेव्हा बारीक फेस आला, पंधरा-वीस मिनिटांत शांत झाला. वास गेला होता. बायकोने खाली वाकून दोन वेळा खात्री केली, मग आईने, मग बारक्याने. बारक्याने हुंगून तोंड किंचित उघडं ठेवलं, वरचा ओठ ताणला. मांजरं टाळूतल्या गंधेंद्रियाकडे वास पोचवताना असं करतात. म्हणजे त्याला अजून काहीतरी कळत होतं. आम्ही पुन्हा एकदा केलं.

ब्लीचिंग पावडरीबद्दल इथेच सांगतो. मावशींनी ती आणूनही ठेवली होती. मुतात अमोनिया असतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरॅमाइनचे विषारी वायू निघतात, छाती भरून येते. तेच ब्लीच व्हिनेगरला किंवा संडास साफ करायच्या अॅसिडला भेटलं तर क्लोरीन वायू. बंद खिडक्यांच्या पावसाळी बाथरूममध्ये हा खेळ नको. पाकीट परत कपाटात गेलं. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फेस काढण्याचा प्रकार निदान विषारी नाही, पण त्यात दोघं एकमेकांना मारून टाकतात. उरतं सोडियम अॅसिटेटचं पाणी. व्हिडिओत फेस छान दिसतो, बाकी काही नाही. दोन्ही वापरायचेच असतील तर एक आधी, दुसरा नंतर, मध्ये सुकवून.

गादीला सगळ्यात जास्त वेळ गेला. कापसाच्या गादीवर वर रुपयाएवढा डाग दिसतो आणि आत ताटाएवढा असतो, कारण कापूस ओल शोषून बाजूला पसरवत नेतो. ताजं असतं तर काम सोपं होतं: जुन्या सुती साडीचे तुकडे घड्या करून त्यावर ठेवायचे, वर उभं राहायचं, ओले झाले की बदलायचे. चोळायचं अजिबात नाही. बारक्याचं पुढचं एक मूत आम्ही असंच पकडलं, आणि कापड कोरडं निघेपर्यंत दाबल्यावर निम्म्या पाण्यात निम्मं व्हिनेगर मारून पुन्हा दाबलं. व्हिनेगरचा वास सुकल्यावर जातो. त्यावर खायचा सोडा जाडसर पसरून रात्रभर ठेवला, सकाळी झटकला. तेवढ्यावर भागलं.

जुन्या डागाला मात्र हे लागू पडेना. वरचा खोळीचा पिवळेपणा पेरॉक्साइडने बराच फिका झाला, वास तसाच. आतपर्यंत पोचवायचं तर गादी भिजवावी लागणार, आणि भिजलेली कापसाची गादी पावसाळ्यात सुकवणार कुठे? पंख्याखाली उभी करून ठेवली तर मुताच्या वासात कुबटपणाची भर. दोन दिवस उघडीप मिळाली तेव्हा गच्चीवर टाकली. ऊन लागताच वास इतका उठला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. त्यात एक चांगलं होतं, जितका उठला तितका गेला. पण पूर्ण नाही.

शेवटी गादीवाल्याला बोलावलं. कापसाच्या गादीचा हा फायदा फोमवाल्यांना मिळत नाही. त्याने टाके उसवले, हात घालून कापूस बाहेर काढला. लागलेला कापूस वेगळा ओळखता येतो: पिवळट, गोळा झालेला, हाताला किंचित चिकट. तेवढा काढून फेकला, बाकीचा पिंजला, थोडा नवा घातला, नवी खोळ शिवली. "साहेब, मांजराचं काहीच नाही, आमच्याकडे लहान पोरांच्या गाद्या येतात," असं म्हणत त्याने पैसे खिशात घातले. फोमची गादी असती तर बाजारातलं एन्झाइमचं द्रावण भरपूर ओतून, प्लास्टिकने झाकून मग दिवसेंदिवस पंख्याखाली, हाच मार्ग होता. नव्या गादीवर आता पाणी न शिरणारं कव्हर आहे. झोपताना जरा सळसळतं. आईची त्याबद्दल तक्रार आहे.

दिवाणाच्या तळासाठी मी ते प्राण्यांसाठीचं खास द्रावण विकत आणलं. त्यात एन्झाइमबरोबर जिवाणूंचे बीजाणूही असतात. ते ओल मिळाली की जागे होतात आणि मुतातलं खातात. म्हणजे ही बाटली जिवंत माल आहे. त्याआधी त्या जागी व्हिनेगर, पेरॉक्साइड किंवा जंतुनाशक पडलेलं असेल तर आधी पाण्याने नीट पुसून घ्यावं लागतं, नाहीतर पैसे पाण्यात. विकणारे 'फवारा आणि पुसा' म्हणतात ते खरं नाही. मूत जितकं खोल गेलं तितकं हेही गेलं पाहिजे, आणि हळूहळू आपोआप सुकलं पाहिजे. मधल्या दिवसांत वास आधी वाढतो. आईने तेव्हा दिवाणच भंगारात द्यायची भाषा काढली होती.

प्लायवूडचा वास मंदावला, पण दमट दिवशी कान टवकारल्यासारखा वर यायचा. लाकडात गेलेलं सगळं बाहेर येत नसतं. मग ते आतच बंद करायचं. पॉलिशवाल्याने पॉलिश पेपरने तळ घासला, पूर्ण कोरडा होऊ दिला आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेचे, हात मारले. लाखेचा थर वास आणि डाग दोन्ही आत धरून ठेवतो. ओल्या लाकडावर मात्र लाख पांढुरकी पडते, म्हणून तो पावसात यायला तयार नव्हता. गणपतीनंतर आला. त्यानंतर दिवाणाला वास नाही.

राहिली गोधडी. ती आजीने शिवलेली. आतले थर जुन्या धोतरांचे आणि परकरांचे, वरचा थर तिच्या इरकल लुगड्याचा, आणि त्याच्या टोप-पदराचं लाल रेशीम एका कडेला. डाग नेमका तिथे. एन्झाइमची पावडर सुतावर उत्तम, पण रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिनं. पावडर डाग आणि रेशीम यात फरक करत नाही. पेरॉक्साइडने लाल उडेल ही भीती. ओला पांढरा रुमाल दाबून पाहिला तर नुसत्या पाण्यानेही किंचित गुलाबी उमटलं. मग फक्त तो भाग थंड पाण्यात, रिठ्याच्या पाण्यात, पुन्हा थंड पाण्यात, आणि शेवटी बादलीभर पाण्यात वाटीभर व्हिनेगर. रेशमाला सौम्य आम्ल सोसतं. पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची आणि सावलीत वाऱ्यावर आडवी टाकायची. इस्त्री तर नाहीच, उष्णतेने डाग बसतो. हे आम्ही पुन्हा पुन्हा केलं. जवळ नाक नेलं तर आजही कळतं. पिवळी कडही आहे. आई म्हणते राहू दे, आणि ती आता कपाटात असते, बारक्याचा हात पोचणार नाही अशा फळीवर.

हे सगळं चाललेलं असताना बारक्याची पेटी कुठे होती? वॉशिंग मशीनच्या शेजारी. मशीन सुकवायला लागलं की बाल्कनीचं दार थरथरतं. ती पेटी हलवून आतल्या खोलीत ठेवली आणि दुसरी हॉलच्या कोपऱ्यात. एका मांजराला दोन पेट्या असाव्यात असा डॉक्टरांचा हिशोब, मांजरं असतील त्याहून एक जास्त. बेंटोनाइटची माती घातली, तीच ती गोळा होणारी. ती आपल्याकडे कच्छमध्ये खाणीतून निघते. सकाळ-संध्याकाळ गोळे उचलायचे. झाकणाची पेटी घेतली होती, बारक्याला ती आवडली नाही, झाकण आता कुंड्यांखाली आहे. लघवीचं दुखणं उतरलं तसं भलतीकडे मुतणं थांबलं. कधीतरी बॅगा भरायला काढल्या की पायपुसण्यावर एक निषेध होतो. पायपुसणं एन्झाइमच्या पावडरीत भिजत पडतं आणि आम्ही जातो.

मध्यंतरी इमारतीत वरच्या मजल्यावर कुत्रं आलं. लिफ्टच्या दाराशी त्याचा एक ठरलेला कोपरा आहे. कुत्र्याच्या मुतात फेलिनीन नसतं, त्यामुळे काम तसं सोपं. पण सोसायटी रोज सकाळी तिथे पांढरं फिनेल ओतते आणि कुत्रं रोज संध्याकाळी आपली सही करतं. मी सेक्रेटरींना पावडरीची कृती लिहून दिली. कोट्याचा जिना आहे, व्हिनेगर टाकू नका, असंही खाली लिहिलं. त्यांनी कागद वाचला, घडी केली. "पण फिनेलला काय हरकत आहे? वास तर छान येतो." विषय सध्या कमिटीच्या पुढच्या मीटिंगवर ढकलला आहे.